व्यवसायाचा रकाना

ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या चाहत्यांत दोन जुने पक्ष आहेत. एकाच्या यादीत 'बॉर्न टू रन' हा अल्बम पहिला, दुसऱ्याच्या यादीत 'डार्कनेस ऑन द एज ऑफ टाउन'. न्यू जर्सीत एडिसनला राहणारा माझा भाचा पहिल्या पक्षाचा कट्टर कार्यकर्ता. माझ्या यादीत 'बॉर्न टू रन' सहावा आहे हे कळल्यावर तो फोनवर म्हणाला, "मावशी, सहावा? बँकेत कर्जं पण अशीच मंजूर करायचीस का गं?"

हो, अशीच करायचे. कर्जाच्या अर्जावर नाव-पत्त्याखाली 'व्यवसाय' असा एक रकाना असतो. माझी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात गेली, त्यातली बरीच वर्षं इचलकरंजीत. अर्ज हातात आला की आधी डोळे त्या रकान्यावर जायचे. माणूस करतो काय, महिन्याकाठी हातात किती येतं, आणि हे काम उद्या बंद पडलं तर याच्याकडे दुसरं काय आहे? स्प्रिंगस्टीनचं गाणंही मी असंच ऐकते. रकाना भरलेला असेल ते गाणं वर. रकाना कोरा आणि खाली नुसता रस्ता, रात्र, वारा आणि स्वप्नं असतील तर ते खाली. रॉक संगीताला ही कसोटी लावणं म्हणजे अरसिकपणा, असं भाच्याचं म्हणणं. असेल.

पण या माणसाची गाणी तिथूनच तर आली आहेत. वडील डग्लस स्प्रिंगस्टीन फ्रीहोल्ड गावच्या गालिच्यांच्या गिरणीत होते, बस चालवायचे, तुरुंगात पहारेकरी होते, फोर्डच्या कारखान्यात होते, आणि मधल्या काळात कुठेच नव्हते. आई अडेल वकिलाच्या कचेरीत सेक्रेटरी. घराला आधार तिच्या बांधलेल्या पगाराचा. फोर्डचा तो कारखाना एडिसनलाच होता. २००४ मध्ये बंद झाला. भाचा दर शनिवारी ज्या एडिसनच्या ओक ट्री रोडवर कोथिंबीर आणि ज्वारीचं पीठ आणायला जातो, तेच एडिसन. त्याला हे मी सांगितलं, इथे बसून.

तर पहिला 'नेब्रास्का'. याबद्दल माझ्या मनात कधीच शंका नव्हती. १९८२ च्या जानेवारीत कोल्ट्स नेक इथल्या भाड्याच्या घरात, झोपायच्या खोलीत, टीॲक कंपनीच्या चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर त्याने एकट्याने ही गाणी भरून ठेवली. मुख्यतः गिटार, हार्मोनिका आणि आवाज. मग ती एका पॅनासोनिक टेपरेकॉर्डरवर उतरवली. तो टेपरेकॉर्डर आधी पाण्यात पडलेला होता. हा होता कच्चा मसुदा, बँडला चाली ऐकवण्यापुरता. कॅसेट खोक्याशिवाय जीन्सच्या खिशात घालून तो फिरत होता. बँडबरोबर स्टुडिओत तीच गाणी वाजवून पाहिली, मनासारखी होईनात, आणि शेवटी खिशातली कॅसेटच अल्बम म्हणून निघाली. बँडबरोबरचं ते रेकॉर्डिंग २०२५ मध्ये, त्याच काळावरच्या चित्रपटाच्या निमित्ताने, बाहेर आलं. भाच्याने लगेच लिंक पाठवली. ऐकलं. वादक पट्टीचे आहेत. पण ढोल वाजायला लागला की गाण्यातला माणूस एकटा राहत नाही, आणि या गाण्यांतल्या माणसांना सोबत मिळाली की गोष्टच संपते.

यातला 'जॉनी ९९' हा न्यू जर्सीतल्या मॉवाच्या मोटार कारखान्याचा कामगार. फोर्डने तो कारखाना १९८० मध्ये खरोखरच बंद केला होता. नोकरी गेली, घरावर बँकेचं कर्ज, दारू, हातात पिस्तूल, एक खून, नव्याण्णव वर्षांची शिक्षा. 'अटलांटिक सिटी'मधला माणूसही कर्जात बुडालेलाच, आणि कर्जाबद्दलची एक ओळ दोन्ही गाण्यांत जशीच्या तशी येते. समीक्षक याला पुनरुक्ती म्हणतील. मला त्यात काही नवल वाटलं नाही. थकबाकीदार टेबलासमोर बसला की सगळे एकच वाक्य बोलतात, मग तो यंत्रमागवाला असो की किराणा दुकानदार.

ही गाणी घरात रेकॉर्ड झाली आणि पंधरवड्याच्या आत, १८ जानेवारीला, मुंबईत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण त्यानंतरची काही वर्षं आमच्या शाखेत मुंबईहून गावी परतलेल्या माणसांचे अर्ज यायचे आणि व्यवसायाच्या रकान्यात 'गिरणी कामगार' लिहून त्यावर काट मारलेली असायची. 'नेब्रास्का' मी ऐकला तो या काटांनंतर. त्यामुळे माझा निकाल निःपक्षपाती आहे असा दावा मी करणार नाही.

याच अल्बमवर माझं पहिल्या क्रमांकाचं गाणं आहे, 'हायवे पेट्रोलमन'. जो रॉबर्ट्स हा पोलिसातला सार्जंट. आधी तो शेतकरी होता. शेतीमुळे सैन्यभरतीतून सवलत मिळाली, भाऊ फ्रँकी मात्र सैन्यात गेला. मग गव्हाचे भाव पडले आणि जो पोलिसात लागला. चार ओळींत रकाना भरून, खोडून, परत भरून झाला. फ्रँकी वाया गेलेला. एका रात्री तो कुणाला तरी जबर जखमी करून पळतो, जो पाठलाग करतो आणि कॅनडाच्या हद्दीपाशी गाडी बाजूला घेऊन त्याला जाऊ देतो. गाणं निकाल देत नाही. कुठेही आवाज चढत नाही, रडणं नाही. ज्याने कधी ओळखीच्या माणसाच्या नावाने जप्तीच्या नोटिशीवर सही केली आहे त्याला हे गाणं वेगळं ऐकू येतं, एवढंच म्हणते. मी सही केली होती. जो असता तर बहुधा फाइल खाली सरकवली असती. शॉन पेनने या एका गाण्यावरून 'द इंडियन रनर' नावाचा अख्खा चित्रपट काढला, तरी गाण्यात आहे त्यापेक्षा फारसं काही त्याला सापडलं नाही.

दुसरा 'डार्कनेस', १९७८ चा. त्याआधी जुना मॅनेजर माईक ॲपेलशी कोर्टकचेरी चालू होती आणि १९७७ च्या मे महिन्यापर्यंत त्याला हव्या त्या निर्मात्याबरोबर स्टुडिओत जाता येत नव्हतं. त्या रागाचा या अल्बमला फायदा झाला. चैनीची गाणी त्याने सरळ बाजूला काढली. 'बिकॉज द नाइट' पॅटी स्मिथला देऊन टाकलं, 'फायर'ही दुसऱ्यांच्या पदरात गेलं. दोन्ही गाजली. उरलं ते घट्ट. 'फॅक्टरी' दोन-सव्वादोन मिनिटांचं. भोंगा, फाटक, आत जाणारा बाप. 'रेसिंग इन द स्ट्रीट' हे माझं दुसऱ्या क्रमांकाचं गाणं. कामावरून येऊन हातपाय धुतात आणि गाडी काढून शर्यतीला जातात अशी माणसं, आणि घराच्या ओसरीवर बसून म्हातारी होत चाललेली एक तरुण बाई. शब्द संपल्यावर पियानो आणि ऑर्गन कितीतरी वेळ वाजत राहतात. तो भाग ज्यांना लांबलेला वाटतो त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

तिसरा 'टनेल ऑफ लव्ह', आणि इथे माझी कसोटी मोडते. १९८७ चा हा अल्बम त्याने बराचसा घरीच, बहुतेक वाद्यं स्वतः वाजवून केला. पहिलं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती आणि आणखी दोन वर्षांनी घटस्फोट झाला. यात ना गिरणी आहे ना कर्ज. नवराबायको एकमेकांकडे बघतात आणि हा आपला कोण, हे दोघांनाही ओळखू येत नाही. नियम आधी मीच केला आणि तिसऱ्या पायरीवर मीच मोडला. भाच्याने हे पकडलंच. यादी माझी आहे, म्हटलं.

चौथा 'द रिव्हर'. शीर्षकगीत त्याच्या बहिणीचं आणि मेव्हण्याचं आहे: कोवळ्या वयात दिवस गेले, घाईत लग्न झालं, बांधकामातलं काम सुटलं. गाण्यात त्या मुलाला एकोणिसाव्या वाढदिवसाला युनियनचं कार्ड आणि लग्नाचा कोट मिळतो. रकाना याहून नेमका कुणी भरलेला नाही. बहिणीने कार्यक्रमानंतर रंगमंचामागे येऊन हे माझंच आयुष्य आहे असं सांगितलं, हे त्यानेच लिहून ठेवलं आहे. पण अल्बम जोड आहे आणि त्यातली निम्मी गाणी पार्टीत नाचायची. ती काढली असती तर आज तो दुसरा असता.

पाचव्यावर १९९५ चा 'द घोस्ट ऑफ टॉम जोड', मुख्यतः 'यंग्सटाउन'साठी. ओहायोतल्या त्या गावातली मोठी पोलाद गिरणी १९७७ च्या सप्टेंबरात बंद झाली. डेल महारिज आणि मायकेल विल्यमसन यांचं बेकार भटक्या कामगारांवरचं पुस्तक रात्री वाचून त्याने हे गाणं लिहिलं. लोखंड सापडल्यापासून, तोफगोळ्यांपासून, व्हिएतनामपर्यंतचा हिशेब आहे त्यात, आणि भट्टीशी माणूस प्रेयसीशी बोलावं तसा बोलतो. बाकीचा अल्बम फार पुटपुटतो.

आता 'बॉर्न टू रन'. अल्बम थोर आहे, हे मी भाच्याला लेखी द्यायला तयार आहे. १९७५ च्या ऑक्टोबरात 'टाइम' आणि 'न्यूजवीक' या दोन्हींच्या मुखपृष्ठावर एकाच आठवड्यात तो झळकला, ते उगाच नाही. शीर्षकगीतावर सहा महिने घालवले. 'जंगललँड'मधल्या सॅक्सोफोनसाठी क्लॅरेन्स क्लेमन्सला सोळा तास उभं केलं. तो तुकडा ऐकताना रकाना-बिकाना मीसुद्धा विसरते. पण पुढे? 'थंडर रोड'मधला मुलगा मेरीला गाडीत बस म्हणतो. जायचं कुठे, पेट्रोल कोण भरणार, तिथे पोचून करणार काय? विशीत हा प्रश्न पडत नाही, आणि पडू नये. या अल्बमवर माझं आवडतं गाणं आहे 'मीटिंग अक्रॉस द रिव्हर', जे 'जंगललँड'कडे पोचण्याच्या घाईत लोक पुढे ढकलतात. दोन हजार डॉलरच्या एका लटपटीसाठी गाडीची लिफ्ट मागणारा भुरटा, त्याने मैत्रिणीचा रेडिओ गहाण टाकलेला. ट्रम्पेट, पियानो आणि पडणार हे आपल्याला दिसत असलेला माणूस.

'बॉर्न इन द यू.एस.ए.'ला मी आठवा ठेवला आहे. सातवा २०१९ चा 'वेस्टर्न स्टार्स', कारण त्यात हाडं मोडून घेतलेला एक स्टंटमन आहे आणि जाहिरातींवर दिवस काढणारा म्हातारा नट आहे. 'बॉर्न इन द यू.एस.ए.'मधली सात गाणी अमेरिकेत पहिल्या दहांत गेली. शीर्षकगीतातल्या माणसाला व्हिएतनामहून परतल्यावर तेलशुद्धीकरण कारखान्यात काम नाकारतात. पण वाद्यं इतकी दणदणीत की लोकांनी झेंडे फडकवले. १९८४ च्या निवडणुकीत रेगननी न्यू जर्सीतल्या हॅमंटनच्या सभेत त्याचं नाव घेतलं. काही दिवसांनी पिट्सबर्गच्या मंचावर, राष्ट्राध्यक्षांना माझा कुठला अल्बम आवडत असेल बरं, असं म्हणून त्याने 'जॉनी ९९' सुरू केलं. हेच शीर्षकगीत 'नेब्रास्का'च्या कॅसेटवर एकट्या गिटारवर आहे. ते १९९८ मध्ये बाहेर आलं. तिथे झेंडा फडकवायची कुणाची हिंमत होणार नाही.

१९८८ मध्ये ॲम्नेस्टीच्या दौऱ्यात तो दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर गाऊन गेला, ट्रेसी चॅपमन आणि स्टिंगबरोबर. तारीख ३० सप्टेंबर, म्हणजे बँकेचं सहामाही क्लोजिंग. रजेचा अर्ज द्यायचीही सोय नव्हती.

माझ्या कसोटीवरचा खरा आक्षेप भाच्याच्या लक्षात आला नाही, म्हणून मीच मांडते. ज्याने आयुष्यभर कारखान्याची गाणी लिहिली त्याने कारखान्यात एक दिवस काम केलेलं नाही. ब्रॉडवेवरच्या कार्यक्रमात तो हे स्वतःच हसत सांगायचा. नारायण सुर्वे गिरणीत राबले होते. हा राबलेला नाही. याने २०२१ मध्ये गाण्यांचे हक्क सोनीला विकले ते सुमारे पन्नास कोटी डॉलरना, अशा बातम्या होत्या. पुढच्याच वर्षी दौऱ्याची तिकिटं मागणीप्रमाणे भाव चढवून विकली आणि काही पाच हजार डॉलरपर्यंत गेली. 'बॅकस्ट्रीट्स' हे १९८० पासून चाहत्यांनी चालवलेलं नियतकालिक या प्रकरणानंतर बंद झालं. लिहिणाऱ्याने कुठे काम केलं यावर मी गाणं तोलत नाही. बापाला रोज दारातून येता-जाता बघणं हेही शिक्षणच. तिकिटांचं मात्र मी त्याच्या खात्यावर नावे टाकून ठेवलं आहे.

तळाशी १९९२ चे दोन अल्बम, एकाच दिवशी काढलेले. बँडला निरोप देऊन तो कॅलिफोर्नियात राहायला गेला होता. 'लकी टाउन' त्यातल्या त्यात बरा. 'ह्यूमन टच'वर एक गाणं टीव्हीच्या सत्तावन्न चॅनेलवर बघण्यासारखं काही नसल्याबद्दल आहे. व्यवसायाच्या रकान्यात काय लिहावं, तर श्रीमंत. तो शेवटचा. इथे भाच्याची आणि माझी यादी जुळते.