तांडेल कसा घडतो?

वरळी कोळीवाड्यातील होडीवर तांडेलाचा शब्द अखेरचा. हा मान केवळ वयाने लाभत नाही. आधी खलाशी होऊन जाळे ओढावे, वारा व भरती-ओहोटी ओळखावी, दुसऱ्याची आज्ञा पाळावी. मगच सुकाणू हाती येते.

बुडणाऱ्यांना वाचविणाऱ्या स्वयंसेवकांनाही हाच दंडक लागू आहे. सिडनीच्या बाँडी किनाऱ्यावर १९०७ साली असे मंडळ स्थापन झाले. ६ फेब्रुवारी १९३८ रोजी प्रचंड लाटांनी तेथील शेकडो लोकांना समुद्रात ओढून नेले. पाच जण दगावले. दोनशेहून अधिक वाचले. त्या काळी एक जण कमरेला दोर बांधून पाण्यात झेपावे आणि इतर किनाऱ्यावरून दोर सांभाळीत. दोर घाईने ओढला, तर वाचविणाराच पाण्याखाली जाण्याचे भय असे.

म्हणून केवळ पोहणे शिकवून भागत नाही. पहाऱ्याची व निर्णयाची जबाबदारी पथकातील प्रत्येक तरुणावर आळीपाळीने सोपवावी. त्याची चूक सरावातच दाखवावी. अविचारी धाडसाने एकाऐवजी दोघे बुडतात. खवळलेल्या समुद्रात उडी घेऊ पाहणाऱ्या सोबत्याला वेळीच थांबविणे, हेही नेतृत्वच होय. उडी घेण्यास धैर्य लागते. थांबविण्यास धैर्याबरोबर विवेकही लागतो.