हेलिकॉप्टर का आले नाही?

इरशाळवाडीवर दरड कोसळली ती १९ जुलै २०२३ च्या रात्री. खालापूर तालुक्यातल्या त्या ठाकरवाडीला गाडीरस्ता नव्हता. चौक गावाकडून निसरडी पायवाट चढून बचाव पथके वर पोचली आणि कुदळ-फावड्यांनी ढिगारा उपसू लागली. चढावरच अग्निशमन दलाच्या एका कर्मचाऱ्याला हृदयविकाराच्या झटक्याने मरण आले. सांताक्रूझला हवाई दलाची दोन हेलिकॉप्टरे तयार होती, पण हवामानामुळे ती उडू शकली नाहीत. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ताच राहिले. हेलिकॉप्टर का आले नाही, हा प्रश्न तेव्हापासून प्रत्येक दरडीनंतर विचारला जातो.

कर्जत-खालापूरच्या बचाव पथकांनी तरी या प्रश्नाचे उत्तर लोकांना ठामपणे सांगायला हवे. त्या ढगांत हेलिकॉप्टर आले नाही, हा निर्णय योग्य होता. तो घेणाऱ्याला मागे काय घडले आहे ते ठाऊक असते.

२५ जून २०१३ रोजी केदारनाथच्या प्रलयातून लोकांना बाहेर काढण्याच्या मोहिमेवर असलेले हवाई दलाचे एमआय-१७ व्ही-५ गौरीकुंडाजवळ कोसळले. २० जण गेले: हवाई दलाचे ५, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे ९, भारत-तिबेट सीमा पोलिसांचे ६. हे मासिक वाचणाऱ्यांच्याच व्यवसायातली ही माणसे. दोर, स्ट्रेचर आणि प्रथमोपचाराची पेटी घेऊन निघालेली. त्यांची आठवण दरवर्षी जूनमध्ये आपल्या पथकांच्या बैठकीत निघायला काय हरकत आहे?

त्याच जातीचे हेलिकॉप्टर ८ डिसेंबर २०२१ रोजी सुलूरहून वेलिंग्टनला जाताना कुन्नूरजवळ डोंगराला धडकले. सरसेनाध्यक्ष जनरल बिपिन रावत, त्यांच्या पत्नी मधुलिका आणि इतर अकरा जण त्याच दिवशी गेले; ग्रुप कॅप्टन वरुण सिंग आठवडाभर झुंजून गेले. जानेवारी २०२२ मध्ये चौकशीचा निष्कर्ष जाहीर झाला. यंत्रात बिघाड नव्हता, घातपात नव्हता, हलगर्जीपणाही नव्हता. दरीतले हवामान अचानक बदलले, हेलिकॉप्टर ढगात शिरले आणि वैमानिकाचे दिशाभान हरपले. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये संसदेच्या स्थायी समितीच्या अहवालात या अपघातापुढे ‘मानवी चूक’ अशी नोंद आली.

या दोन शब्दांवर थांबणे मृतांवर अन्याय करणारे आहे. ढगात क्षितिज दिसेनासे झाले की कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव खोटे सांगू लागतो. हेलिकॉप्टर कलंडत असते आणि शरीर सांगते की सरळ चालले आहे. अरुंद दरीत मागे वळायला जागा नसते. कितीही तासांचा अनुभव असला तरी हे चुकत नाही. म्हणूनच ढगाच्या अलीकडे थांबण्याचे स्वातंत्र्य वैमानिकाला मिळणे महत्त्वाचे. जमिनीवरून येणारा दबाव, मग तो नेत्याचा असो की नातेवाइकांचा, नेमके तेच स्वातंत्र्य हिरावतो.

सियाचीनमध्ये विरळ हवा ही मुख्य अडचण असते. सह्याद्रीत तशी नसते. इरशाळगड चार हजार फुटांच्या आतला. इथला शत्रू म्हणजे पावसाळी ढग, आणि तो माथेरान, ढाक, भीमाशंकरच्या रांगेवर जून ते सप्टेंबर मुक्कामालाच असतो.

यंत्रांचे वय हा वेगळा प्रश्न आहे आणि तो सैनिकांच्या घरांतून आला. २०१५ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांच्या पत्नींनी संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्याकडे चीता व चेतक ही जुनी, एका इंजिनाची हेलिकॉप्टरे सेवेतून काढण्याची मागणी केली.     

रायगडच्या पथकांना सर्वांत जवळची घटना मात्र मुरूडची. १० मार्च २०१८ रोजी तटरक्षक दलाचे चेतक तांत्रिक बिघाडामुळे मुरूडजवळ किनाऱ्यावर उतरले. सहवैमानिक, सहाय्यक कमांडंट पेनी चौधरी बाहेर पडताना थांबत आलेल्या पात्याचा तडाखा त्यांच्या डोक्याला बसला. सतरा दिवसांनी त्यांचे निधन झाले. हेलिकॉप्टर जमिनीला टेकले म्हणजे धोका संपला, असे ज्यांना वाटते त्यांनी ही घटना पुन्हा वाचावी. वेग कमी होताना पाती खाली झुकतात. उतारावर तर डोंगराच्या बाजूला ती माणसाच्या डोक्याच्या उंचीवर येतात. म्हणून जवळ जायचे ते नेहमी उताराकडून, वैमानिकाला दिसेल असे, त्याने खूण केल्यावरच. शेपटीकडे कधीही नाही. वाडीतले सुटे पत्रे आणि ताडपत्र्या आधी दाबून ठेवायच्या. पात्यांच्या वाऱ्याने उडालेला पत्रा माणसालाही लागतो आणि पात्यालाही.

तारांचे काय? ऑगस्ट २०१९ मध्ये उत्तरकाशीतल्या मोल्डी इथे पूरग्रस्तांच्या मदतीला गेलेले एक खासगी हेलिकॉप्टर दरीवर ताणलेल्या तारेत अडकून कोसळले आणि तिघे गेले. खोपोलीचे वीजघर १९१५ चे, भिवपुरीचे १९२२ चे. शंभर वर्षांत या दोन तालुक्यांत उच्चदाबाच्या वाहिन्यांचे जाळे झाले आहे, आणि पावसात वरून तार दिसत नाही, खांब दिसतो.

पावसाळ्यापूर्वीच्या बैठकीत तहसील कार्यालयात पथकांनी मांडायची मागणी सरळ आहे. प्रत्येक डोंगरी वाडीजवळची हेलिकॉप्टर उतरू शकेल अशी जागा, तिचे अक्षांश-रेखांश, उताराची दिशा, भोवतीच्या तारा आणि पुढचा पायवाटेचा वेळ, एवढे एका कागदावर नोंदवायचे. वाडीतल्या दोन-तीन जणांना ढगाची उंची पाहून बिनतारी संचावर सांगायला शिकवायचे. आणि हेलिकॉप्टर येणारच नाही असे धरून स्ट्रेचर खाली आणण्याचा सराव मे महिन्यातच, पूर्ण वजनानिशी, करून ठेवायचा.