शक्तीप्रमाणे तप, हे ताटातही लक्षात ठेवूया



सोळाकारण भावनांमध्ये शक्तितस्त्याग आणि शक्तितस्तप या दोन भावना आहेत. त्याग करायचा, तप करायचं, पण आपापल्या शक्तीप्रमाणे. भाद्रपदात पूजेला बसून आपण या भावना भक्तीने म्हणतो, आणि साठी उलटली की त्यातला 'शक्ती' हा शब्दच विसरतो. "या वयात असं कितीसं लागतं?" म्हणत सकाळी चहा-खाकरा, दुपारी सगळ्यांचं झाल्यावर उरलेली पोळी-भाजी आणि सूर्यास्ताआधी दूध-पोहे. वर त्याला ऊनोदर तप म्हणायचं!

मला हे पटत नाही. ऊनोदर म्हणजे पूर्ण ताट समोर असताना, भूक असताना, समजून-उमजून दोन घास कमी घेणं. मागे उरलेलं खाऊन उठणं हे तप नव्हे, ती आपल्या बायकांची जुनी सवय आहे.

वयाबरोबर भूक मंदावते, पण प्रथिनांची गरज कमी होत नाही. ती भागली नाही तर स्नायू लवकर झिजतात, मग सामायिकाला बसल्यावर उठताना हाताचा आधार लागतो. वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे साठ किलो वजन असेल तर ५० ग्रॅम. मी कॉमर्सची, त्यामुळे हिशोब मांडूनच बघते. १०० ग्रॅम पिठाच्या भाकरी १०, दोन वेळचं मिळून ६० ग्रॅम कोरड्या डाळीचं वरण किंवा उसळ १४, दोन कप दूध १३, मूठभर शेंगदाणे ७, पन्नास ग्रॅम पनीर ९. झाले ५३. यात कंद नाही, रात्रीचं जेवण नाही. मोड आणायचे नसतील तर मूग, मटकी नुसती भिजवून शिजवा. द्विदल पाळत असाल तर दही-ताक डाळीच्या जेवणात न घेता वेगळ्या वेळी घ्या. नियम कुठेच मोडत नाही.

आपल्याकडे सूर्यास्तानंतर खाणं नाही, त्यामुळे दिवसाच्या दहा-अकरा तासांतच सगळं बसवायचं असतं. म्हणून एकही जेवण नुसत्या चहावर निभावू नये. पाण्याचंही तसंच. वयात तहान लागल्याचं कळत नाही, तेव्हा सकाळपासून थोडं थोडं गाळलेलं, उकळलेलं पाणी पीत राहावं. संध्याकाळी घाईने तांब्याभर पिण्यात अर्थ नाही. हाडांसाठी नाचणी आणि तीळ आहेतच. बी-१२ मात्र डाळी-भाज्यांत मिळत नाही, दुधात थोडं मिळतं. एकदा रक्त तपासून घ्या आणि डॉक्टरांनी सांगितलं तर गोळी घ्या. मधुमेहाची औषधं चालू असतील तर उपवासाआधीही डॉक्टरांना विचारा.

शिखरजीची वंदना २७ किलोमीटरची. डोलीत बसून जाण्यात कमीपणा नाही, पण पायी जायची इच्छा असेल तर तयारी आत्तापासून हवी. रोज अर्धा तास चालायचं, आणि दुपारी सगळ्यांबरोबर बसून स्वतःच्या ताटात वरणाची वाटी भरून घ्यायची. उरलेलं कोणी खायचं, ते मग घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवावं.