विषय बदलण्याचा हक्क कोणाचा?

पदवी एका विषयाची आणि एम.ए. भलत्याच विषयाचे, असे म्हटले की आपल्याकडील विद्वानांच्या कपाळाला आठ्या पडतात. ही धरसोड आहे, असा निकाल ते तत्काळ देऊन टाकतात. परंतु पहिला विषय मुळात कोणी निवडला, हा प्रश्न त्यांना कधी पडत नाही.

नागोठणे आणि रोहा यांच्यामधल्या निडीसारख्या गावात तो विषय कारखाना निवडतो. एकीकडे धाटावची रासायनिक वसाहत, दुसरीकडे नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प. तेव्हा शेतकऱ्याच्या मुलाने रसायनशास्त्रच घ्यावे, असे घरचे म्हणणार हे उघड आहे. नागोठण्याचा प्रकल्प उभारणारी आयपीसीएल ही सार्वजनिक कंपनी सरकारने २००२ साली रिलायन्सच्या हाती दिली. ज्या उद्योगाच्या भरवशावर विषय घ्यायचा तो उद्योग सरकारने खुशाल विकावा आणि विद्यार्थ्याने मात्र जन्मभर त्या विषयाला बांधून राहावे, हा कोणता न्याय?

विषयांतराने ज्ञान उथळ होते, हा आक्षेपही इतिहासाला धरून नाही. डॉ. गो. स. घुर्ये संस्कृतचे एम.ए.; मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पाया त्यांनीच भक्कम केला. इरावती कर्वे यांनी १९२६ साली तत्त्वज्ञानाची पदवी घेतली आणि १९२८ साली घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली समाजशास्त्रात एम.ए. केले. रोह्याचे चिंतामणराव देशमुख केंब्रिजला वनस्पतिशास्त्र शिकले आणि १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले.

मात्र या उदाहरणांवर टाळ्या वाजवून थांबणे हा भाबडेपणा ठरेल. इरावतीबाईंच्या पाठीशी सुशिक्षित घर होते, दक्षिणा फेलोशिप होती. देशमुख ज्या विद्यापीठ अनुदान आयोगाचे पुढे अध्यक्ष झाले, त्याच आयोगाने २०२४ साली जाहीर केले की प्रवेश परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यास पदवीचा विषय कोणताही असला तरी कोणत्याही विषयात पदव्युत्तर प्रवेश मिळू शकेल. निर्णय स्वागतार्ह आहे. पण जो विषय महाविद्यालयात कधी शिकवलाच गेला नाही, त्याची परीक्षा निडीचा मुलगा कोणाच्या आधारावर देणार? शहरातला विद्यार्थी शिकवणीचे शुल्क भरील. कंत्राटी पाळी करून घरी परतणाऱ्याने काय भरावे? आधाराविना दिलेले स्वातंत्र्य ज्याच्या गाठी पैसा त्याचेच होते.

पायाभूत तयारी हवी, हे विद्वानांचे म्हणणे रास्त आहे. परंतु ती तयारी करून देणे हे शासनाचे काम आहे. तिच्या नावाने दार लावून घेणे नव्हे. म्हणून तालुक्याच्या महाविद्यालयांतून विषय बदलणाऱ्यांसाठी विनाशुल्क पूर्वतयारी वर्ग, पुरेशी शिष्यवृत्ती आणि मुंबईत परवडणारे वसतिगृह या तीन मागण्या कार्यकर्त्यांनी लावून धरल्या पाहिजेत. कारखान्याची रसायने हाताळणाऱ्या मुलाने त्या कारखान्याचे अर्थशास्त्रही अभ्यासावे, ही गोष्ट मालकांना खटकेल. समाजवाद्यांना ती खटकण्याचे कारण नाही.