खडा नव्हे, जुनी खूण

गेल्या महिन्यात कॉलेजातल्या भाचीला पोटात कळ आली. सीटी स्कॅनवर मूत्राशयापाशी पांढरा ठिपका! "कल्लु ऐति, दुर्बिणीने काढू," डॉक्टर म्हणाले. तेवढ्यात ताईला आठवलं. पोर चार वर्षांची असताना लघवी उलटी मूत्रपिंडाकडे चढायची, म्हणून मूत्रनलिकेच्या तोंडाशी डेफ्लक्सचं इंजेक्शन दिलं होतं. तिनं जुनी फाईल काढली. सोनोग्राफीत नलिका फुगलेली नव्हती, दुर्बीण टळली.

या औषधाचा उंचवटा तिथेच राहतो. काही वर्षांनी कधीकधी त्यात कॅल्शियम साचतं आणि तो स्कॅनवर हुबेहूब खड्यासारखा दिसतो. मुलं मोठी होतात, डॉक्टर बदलतात. तेव्हा पालकहो, ती फाईल जपा. आणि मुलांनाही सांगून ठेवा.