खुडूक कोंबडीस शिक्षा नको, हिशेब हवा

परसांत चार कोंबड्या बाळगणाऱ्या प्रत्येक कुटुंबापुढें वर्षांतून दोनतीनदां एक प्रश्न उभा राहतो. नित्य अंडीं देणारी कोंबडी एकाएकीं खुराड्यांतून उठेनाशी होते, पिसें फुलवून बसते व हात पुढें केला तर टोचते. ती खुडूक झाली असें आपण म्हणतों आणि लगेच तिच्या शिक्षेची तजवीज करूं लागतों. कोणी तिला थंड पाण्यांत बुचकळतात, कोणी नाकपुड्यांतून पीस ओवतात, कोणी पाय बांधून उपाशी ठेवतात. ही चाल क्रूर आहेच, शिवाय तोट्याचीही आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

प्रथम आमचा स्वतःचा दोष कबूल करणें उचित होय. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां दुसऱ्यांच्या जमिनींचा हिशेब आम्हीं पैपर्यंत जुळविला. घरच्या खुराड्याचा हिशेब मात्र कधीं मांडला नाहीं. निवृत्त झाल्यावर पहिल्याच पौषांत आमची सर्वांत चांगली कोंबडी खुडूक झाली. ऐकीव सल्ल्यावर विसंबून आम्हीं तिला लागोपाठ तीन दिवस सकाळीं विहिरीच्या पाण्यांत बुडविलें. तिची खुडूक मोडली खरी, पण ती गारठली आणि पांचव्या दिवशीं मरून पडली. तिच्या अंड्यांच्या पैशांतून आमची पत्नी धाकट्या मुलीच्या वह्यापुस्तकांचा खर्च भागवीत असे. तिनें एवढेंच विचारलें, "हिचा गुन्हा काय होता?" आम्हांजवळ उत्तर नव्हतें.

गुन्हा कांहींच नव्हता. गावठी कोंबडी साधारणतः बारा ते पंधरा अंडीं घालते. मग तिच्या रक्तांत प्रोलॅक्टिन नांवाचा स्राव वाढतो, अंडीं थांबतात आणि बसण्याची ओढ लागते. अंधारी जागा, मऊ गवत व पोटाखालीं अंड्यांचा स्पर्श यांनीं ती ओढ बळावते. हा देहाचा धर्म आहे, हट्ट नव्हे. सबब मालकानें रागावण्यापूर्वीं एकच गोष्ट ठरवावी : हिला रवणीस बसवावयाचें, कीं हिची खुडूक मोडावयाची?

कोंबडी अंगानें मोठी व शांत असेल, कळपांत कोंबडा असेल आणि ऋतु कार्तिक ते फाल्गुन असा कोरडा व सौम्य असेल, तर तिला अवश्य बसवावें. दहाबारा अंडीं पुरेत. याहून अधिक अंडीं पोटाखालीं मावत नाहींत व कडेचीं गार पडतात. अंडीं आठवड्याहून जुनीं नसावींत आणि सर्व एकाच दिवशीं ठेवावींत. दुसऱ्या कोंबड्यांनीं त्या टोपलींत रोज नवें अंडें घातल्यास सगळा घोळ होतो, म्हणून ठेवलेल्या अंड्यांवर कोळशाची खूण करावी. टोपलींत गवताखालीं राख पसरावी, म्हणजे उवा व पिसवा कमी त्रास देतात. रोज एकदां कोंबडीस दाणापाण्यासाठीं उठूं द्यावें. सातव्या रात्रीं बॅटरीच्या उजेडापुढें अंडीं धरून पाहावींत. ज्यांत शिरा दिसत नाहींत तीं काढून टाकावींत. एकविसाव्या दिवशीं पिलें बाहेर येतात. त्या दिवशीं उतावीळपणें टरफलें फोडूं नयेत.

आतां हिशेब पाहूं. एकवीस दिवस बसण्याचे व सुमारें आठ आठवडे पिलें सांभाळण्याचे, मिळून अडीच महिने अंडीं बंद राहतात. त्या बदल्यांत आठ पिलें जगलीं तर सौदा नफ्याचा आहे. परंतु भर उन्हाळ्यांत, ओल्या पावसाळ्यांत, किंवा कोंबड्यावांचून मिळालेल्या वांझ अंड्यांवर बसविल्यास तेच महिने फुकट जातात.

अशा वेळीं खुडूक मोडावी, पण शहाणपणानें. जाळीच्या किंवा बांबूच्या पट्ट्यांच्या तळाचा पिंजरा जमिनीपासून हातभर उंच, उजेडांत पण सावलीला ठेवावा. आंत गवत नसावें. दाणापाणी भरपूर असावें. पोटाखालून वारा खेळूं लागला कीं तीनचार दिवसांत तिची ओढ ओसरते, आणि पुढें एकदोन आठवड्यांत ती पुन्हां अंडीं देऊं लागते. खुडूक दिसल्याच्या पहिल्याच दिवशीं हें केलें तर लवकर साधतें. उपासानें मात्र ती अशक्त होते व अंडीं आणखी लांबतात.

कोणी म्हणतील, वनराज, ग्रामप्रिया अशा सुधारलेल्या कोंबड्या क्वचितच खुडूक होतात व अंडींही पुष्कळ देतात. मग गावठीचा खटाटोप कशाला? उत्तर सोपें आहे. त्यांचीं पिलें दर वेळीं विकत आणावीं लागतात, कारण घरीं काढलेल्या त्यांच्या संततींत मूळचे गुण टिकत नाहींत. गावठी कोंबडी मात्र विजेवांचून, यंत्रावांचून स्वतःचाच वंश वाढविते. ज्या घरीं पिलें विकत घेण्यास पैसा नाहीं, त्या घरचें उबवणीयंत्र तीच होय.

म्हणून आमची सूचना अशी कीं, ज्यांस पिलें नको असतील त्यांनीं खुडूक कोंबडी निम्म्या पिलांच्या बोलीवर शेजाऱ्यास द्यावी. दोघांचाही लाभ होईल, आणि पौषाच्या थंडींत कोणतीही निरपराध कोंबडी विहिरीवर न्यावी लागणार नाहीं.