मुहूर्त चुकलेले अमर

अमर्त्याने मर्त्यावर प्रेम करावयाचे तर प्रथम अमरत्वावर उदक सोडावे, एरवी ती प्रीती नव्हे, मृगया होय, असा सिद्धांत इंग्रजी अद्भुतकथांचे आमचे व्यासंगी मोठ्या हिरिरीने मांडतात, आणि टॉल्किनच्या 1954-55 सालच्या बृहत्कथेतील, मर्त्य प्रियकरासाठी अमरत्व सोडणाऱ्या आर्वेनचा दाखला देऊन खंडोबा-बाणाईची कथा प्रेमकथांच्या दफ्तरातूनच खारीज करतात. बीड शहराच्या पूर्वेस डोंगरावर दोन उंच दीपमाळांमागे ज्याचे हेमाडपंती देऊळ उभे आहे (ते सुलतानजी निंबाळकरांनी बांधले की महादजी शिंद्यांनी, हा तंटा तूर्त राहू द्या), त्या खंडोबाची कैफियत न ऐकताच असा निवाडा व्हावा, हे आम्हांस मान्य नाही.

आक्षेप पोकळ नाही. सारीपाटात पहिली पत्नी म्हाळसा हिच्याकडून हरलेला देव बारा वर्षे परागंदा झाला, बाणाईच्या धनगर बापाच्या घरी चाकरीस राहिला आणि अखेरीस आपणच मारलेली मेंढरे पुन्हा उठविण्याच्या मोबदल्यात त्याने बाणाईस मागून घेतले. यात कपट आहे, ते झाकण्याची आम्हांस गरज वाटत नाही. परंतु त्या कपटाआधी लेंड्या झाडण्यात आणि मेंढरांमागे रानोमाळ हिंडण्यात गेलेला काळ आक्षेपकांच्या हिशेबात कोठेच जमा का नाही? आर्वेन एकदाच निश्चय करते; खंडोबास रोज सकाळी धन्याचा हुकूम ऐकावा लागतो, आणि पुढे वाण्याची लेक म्हाळसा व धनगराची लेक बाणाई यांच्या ज्या भांडणात तो सापडतो, ते तर वाघ्या-मुरळी जागरणात आजही रंगवून गातात.

उलट, दोन्ही पक्ष अमर असले म्हणजे काय होते, तेही याच बीड जिल्ह्यात पाहावे. परळीचा वैजनाथ वर, कोकणातून निघालेली योगेश्वरी वधू. वऱ्हाड अंबाजोगाईस पोहोचेतो मुहूर्त टळला, वऱ्हाडी पाषाण झाले आणि देवी कुमारिकाच राहिली, अशी आख्यायिका आहे, आणि हत्तीखान्याची लेणी तिचा पुरावा म्हणून दाखविली जातात. काळाची ददात ज्यांना ठाऊकच नव्हती, त्यांना एक घटका सांभाळता आली नाही. मर्त्य मुलीसाठी मात्र देवाने वर्षे मोजून चाकरी केली.

जेजुरीस म्हाळसा देवाशेजारी आणि बाणाईचे देऊळ गडाच्या अर्ध्या वाटेवर, हा पंक्तिप्रपंच आम्हांसही सलतो. वाद घालावयाचाच तर त्यावर घालावा. तेथे आम्ही आक्षेपकांच्याच बाजूने साक्ष देऊ.